नाव ठेवणे, नावे ठेवणे

रंगांपेक्षा रंगांच्या नावांवर माझा जीव अधिक. दिवाळीच्या खरेदीला निघालेली घरची मंडळी दुकानात शिरली की पोत पाहतात, किंमत पाहतात. मी मात्र दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत बसतो. मोरपंखी, आमसुली, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी! एकेका नावात कुणाचे अंगण, कुणाचे फडताळ दडलेले असते. तपकीर ओढणारे आजोबा गेले, त्यांची डबीही गेली. तपकिरी रंग तेवढा मागे राहिला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी हल्ली संकेतस्थळे सजवण्याचे काम करते. तिने मला संगणकावरच्या रंगांची बारशी दाखवली. पडद्यावर तांबडा, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकाश. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. त्यांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. एवढ्यांची बारशी कोण करणार? बहुतेकांच्या वाट्याला नुसते आकडे येतात. सर्वमान्य यादीत नावे आहेत ती अवघी १४८. त्यांत टोमॅटो आहे, चॉकलेटही आहे. मौज अशी की, तिथला 'गडद करडा' साध्या 'करड्या'पेक्षा फिका आहे! दोन जुन्या याद्या एकत्र झाल्या, त्याचा हा परिणाम. दोन बिऱ्हाडांची भांडी एकत्र केल्यावर एकाकडचे मोठे पातेले दुसरीकडच्या लहान पातेल्याहून लहान निघावे, तसे.

त्याच यादीत एका मुलीचेही नाव आहे. संकेतस्थळांच्या मांडणीवर पुस्तके लिहिणारे अमेरिकेतले एरिक मेयर यांची मुलगी रेबेका ७ जून २०१४ रोजी, आपल्या सहाव्या वाढदिवशीच वारली. तिला जांभळा रंग फार आवडे. मेयर यांच्या व्यवसायबंधूंनी एका जांभळ्या छटेला तिचे नाव द्यायचे ठरवले. घरात तिला 'बेका' म्हणत. पण ते तान्ह्या बाळाचे नाव, सहा वर्षांची झाले की मला रेबेकाच म्हणायचे, असे तिने बजावून ठेवले होते. वडिलांनी तेवढेच मागितले. रंगाला पुरते नाव मिळाले.

मग मी विद्यार्थिनीला विचारले, "तूही रंगांना नावे ठेवतेस का?"

"ठेवते ना, सर. पण दोन याद्या करते. पहिलीत रंग दिसतो तसं नाव: अबोली, आमसुली. दुसरीत कामाची नावं: मथळा, मजकूर, इशारा. मग कुठल्या कामाला कुठला रंग, ते एकदाच बांधून टाकायचं. पानांवर वापरायची ती फक्त कामाची नावं."

"एवढा खटाटोप कशाला?"

"समजा, मी शंभर ठिकाणी 'तांबडा' लिहिलं आणि उद्या मालकांना निळा हवा झाला. एका जागी बदलला की सगळीकडे बदलेल. पण नाव तांबडा आणि दिसणार निळा! माझ्यामागून काम करणाऱ्यानं काय समजायचं? शिवाय रात्री वाचणाऱ्यांसाठी पडदा काळा करतात. दिवसाची काळी अक्षरं तेव्हा पांढरी होतात. त्यांचं नाव 'मजकूर' असलं, म्हणजे प्रश्नच नाही. रूप बदलतं, सर. काम तेच राहतं."

हे ती अगदी सहज बोलली. मी मात्र जरा गप्प झालो. वर्गातल्या मुलांनी तिला एक नाव ठेवले होते, तेही रंगावरूनच. ते मी इथे लिहिणार नाही. आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच अंतर आहे, आणि रंगाच्या बाबतीत आपण ते कितीदा तरी ओलांडतो. पाळण्यात नाव ठेवायचे, आणि लग्नाच्या बाजारात त्याच मुलीच्या वर्णाला नावे ठेवायची. ती गणितात हुशार आहे, तिच्या हाताला चव आहे, हे सगळे कामाच्या यादीतले. ती यादी कुणी उघडतच नाही.

यंदा आमच्या शाळेच्या संकेतस्थळाचे काम तिच्याकडेच आले आहे. परवा तिने दोन्ही याद्या मला वाचायला दिल्या. पहिल्या यादीत एक गर्द, तुकतुकीत रंग आहे. त्याचे नाव तिने 'पिकले जांभूळ' ठेवले आहे. दुसऱ्या यादीत त्याच्याकडे काम आहे मथळ्याचे. शाळेचे नाव त्याच रंगात झळकणार आहे.