शिरोरेषा सलग हवी

मुंबईतल्या एका शोरूममध्ये यंत्र बघून आले आणि रात्रभर त्याचाच विचार डोक्यात घोळत राहिला. यंत्र छान होतं. छपाई आणि कटिंग एकाच पेटीत. रुंदी जेमतेम मीटरभर, म्हणजे डोंबिवलीच्या माझ्या दहा बाय बाराच्या गाळ्यात टेबलावर सहज मावेल. वीस इंची रोल लावायचा, छापून झालं की यंत्र तोच रोल मागे ओढून घेतं आणि पातं उतरवून स्टिकरच्या कडेकडेनं कापतं. पण नमुना म्हणून दाखवलं काय, तर एक तारा आणि त्याखाली रोमन लिपीतली चार जाड अक्षरं. मी म्हटलं, मराठी काहीतरी कापून दाखवा. विक्रेता म्हणाला, "मॅडम, मशीनला भाषा कळत नाही. सगळं सारखंच कापतं."

हे वाक्य मला खटकलं. अकरा वर्षं मी पाट्यांचं डिझाइन करते आहे. छपाई बाहेरून, रेडियम (व्हिनाइल) कटिंगही बाहेरून. बाहेरच्या माणसाला पन्नास-शंभर नगांचं काम नको असतं, आणि माझं बहुतेक काम तेवढंच असतं. म्हणून स्वतःचं यंत्र हवं होतं. पण साठवलेले पाच लाख एका ताऱ्यावर विश्वास ठेवून टाकायला मन घेईना.

पेणचे एक मूर्ती कारखानदार माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, घाई नका करू. रोह्याला एक काका आहेत. आधी पेंटर होते, आता असलंच यंत्र चालवतात. ते बघा, मग पैसे भरा. आणि येताना माझ्या खोक्यांच्या पट्ट्यांची फाइल घेऊन या."

दिवा-रोहा गाडीनं जायला मला एका कारणासाठी आवडतं. या मार्गावरच्या स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या. आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, आणि मग रोहा. पिवळ्यावर काळी जाड अक्षरं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. सुटणाऱ्या गाडीतूनही नाव वाचता येतं. हल्लीच्या फ्लेक्सवर लाल अक्षराला पिवळी कड, पिवळीला काळी सावली आणि मागे ढगांचं चित्र असतं, त्यातलं नाव शोधावं लागतं. मला फ्लेक्स आवडत नाही आणि कधी आवडेल असं वाटत नाही.

पेणला उतरून आधी कारखान्यात गेले. जानेवारीत गणपती बघायला कोण येतं? पण पेणचं वर्ष तेव्हा ऐन भरात असतं, कारण परदेशी जाणारा माल समुद्रमार्गे जातो आणि त्याला महिने लागतात. फळ्यांवर ओळीनं पांढऱ्या, अजून न रंगवलेल्या मूर्ती होत्या. कोपऱ्यात एक बाई डोळ्यांची आखणी करत होत्या. श्वास रोखून एक रेघ, मग ब्रश बाजूला, मग श्वास. त्यांच्याजवळ मी दहा मिनिटं तरी उभी राहिले. कारखानदार दादांना हवी होती ती पट्टी साधी: ‘शाडू मातीची मूर्ती. नाजूक. उलटे ठेवू नये.’ आणि वर जाणारा बाण. पोह्याच्या पापडांची दोन पाकिटं घेतली आणि पुढची गाडी धरली.

रोह्याच्या बाजारात शिरले की माझी मान वरच असते. इथं अजून काही दुकानांवर हातानं रंगवलेल्या पाट्या टिकून आहेत, मागे लाकडी फळी, अक्षरांना पांढरी धार. त्यांच्या शेजारी नव्या पाट्यांची रांग आहे. २०२२ साली दुकानांचा कायदा दुरुस्त झाला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असं ठरलं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण या नव्या पाट्यांमध्ये एक खोट मला जागोजागी दिसते. शिरोरेषा तुटलेली. एखाद्या काचेच्या दारावर ‘मेडिकल’मधल्या ‘मे’ आणि ‘डि’च्या मधे बारीक चीर, आणि तिथूनच रेडियम सुटून वर आलेलं. मी समजत होते, लावणाऱ्यानं घाई केली.

काकांचं दुकान एका अरुंद गल्लीत. दारावर पाटी आहे ‘रोहे’ अशी सुरू होणारी. मी विचारलं, गावाचं नाव रोहा ना? ते म्हणाले, "स्टेशनावर रोहा. आम्ही रोहेच म्हणतो. पाटी माझी आहे, मग नाव माझ्या तोंडातलं." सत्तरीच्या आसपासचे असावेत. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखात रंग नव्हता, पण बोटं ब्रश धरल्यासारखी जवळजवळ ठेवायची सवय गेली नव्हती.

यंत्र टेबलावर होतं, शोरूममधल्याच जातीचं. त्याच्या शेजारी स्टुलावर एक जुना, पिवळट पडलेला, नुसतं कापणारा साधा कटिंग प्लॉटर. मला वाटलं, तो अडगळीत काढलेला असेल.

पेन ड्राइव्ह दिला. काकांनी कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, माझी फाइल उघडली आणि एकही शब्द न बोलता रंग काढून नुसत्या रेषा दाखवणाऱ्या दृश्यात टाकली. मग ‘मातीची’मधल्या ‘माती’ या शब्दावर जाऊन मोठं मोठं करत गेले. मी अकरा वर्षं जे अक्षर काळं, भरीव, सलग बघत आले होते, ते आता नुसत्या बाह्यरेषांचं झालं. ‘म’ची एक बाह्यरेषा. तिच्यात घुसलेला काना, त्याची वेगळी. मग ‘त’, त्यावर चढलेली वेलांटी, तिचीही वेगळी. वर शिरोरेषेत प्रत्येक सांध्याला दोन उभ्या रेघा.

"ताई, तुम्हाला हा एक शब्द दिसतो. पात्याला हे चार तुकडे दिसतात. ते चारही तुकड्यांच्या कडेनं फिरणार."

मग त्यांनी पांढऱ्या व्हिनाइलचा उरलेला तुकडा लावून तसंच कापून दाखवलं. मला म्हणाले, निवडा. चिमट्यानं मी अक्षराभोवतीचं नको असलेलं व्हिनाइल ओढायला लागले. ‘म’पर्यंत ठीक गेलं. काना आला आणि शिरोरेषेचा तांदळाएवढा तुकडा कचऱ्याबरोबर उचलला गेला. ‘त’पाशी पुन्हा तेच. ‘मूर्ती’वरचा रफार तर अख्खाच गेला. बाजारातल्या त्या दारावर मी जी चीर पाहिली होती, ती माझ्या हातात होती.

काकांनी सगळी अक्षरं निवडून वेल्ड केली. चार बाह्यरेषांची एक झाली. पण ते तिथं थांबले नाहीत. शिरोरेषा थोडी जाड केली. दुसऱ्या एका कामातल्या ‘आनंद’ शब्दावरचा अनुस्वार दाखवून म्हणाले, हे टिंब फॉन्टमध्ये असतं तेवढं ठेवलं तर एका उन्हाळ्यात काचेवरून गळून पडतं, कारण त्याला धरून ठेवायला अंगच नाही. त्यांनी तो दीडपट केला आणि शिरोरेषेच्या किंचित जवळ आणला. मग ‘र’चा शेवट, जिथं तो टोकदार होतो, तिथं टोक बोथट केलं. हे सगळं ब्रशच्या दिवसांत हात आपोआप करायचा, असं ते म्हणाले. पुन्हा कापलं. या वेळी चिमट्यानं एका बाजूनं उचललं आणि सगळा कचरा एकसंध सोलून आला, मागे ‘माती’ उभी. मला खरोखर टाळी वाजवावीशी वाटली.

शोरूममधला विक्रेता खोटं बोलला नव्हता. यंत्राला भाषा कळत नाही.

मग माझ्या पट्ट्या. चार बाय सहा इंचाच्या वीस, एका ओळीत चार. छपाई वीसेक मिनिटं चालली. संपल्यावर यंत्र थांबून राहिलं. बिघडलं का, मी विचारलं. काकांनी मुद्दाम दहा मिनिटांची विश्रांती घातली होती, कारण इको-सॉल्व्हेंट शाई लगेच मागे ओढली तर रोलर तिच्यावर चाकांच्या खुणा उमटवतात. त्या दहा मिनिटांत चहा झाला आणि खरं बोलणं झालं.

मी विचारलं, एकाच पेटीत दोन्ही कामं, मग हा जुना प्लॉटर कशाला? ते उठले आणि धाटाव एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी कापलेल्या पट्ट्यांची चळत आणली. रसायनांचे कारखाने, मैलभर पाइप, आणि प्रत्येक पाइपवर आत काय वाहतं त्याचा रंग. त्याला भारतीय मानक आहे, आयएस २३७९. पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी, वायूंना पिवळा, आम्लाला गडद जांभळा. "हा जांभळा चार शायांतून छापून बघा, कधी निळा येतो, कधी विटकरी. आणि आम्लाच्या पाइपवर चुकीचा रंग म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ." म्हणून ते हे छापतच नाहीत. त्या त्या रंगाचं तयार व्हिनाइल आणून नुसतं कापतात. आणि एकत्रित यंत्र कापत बसलं की छपाई बंद. दोन गिऱ्हाइकं एका रांगेत उभी राहतात. जुना प्लॉटर त्यासाठी.

दुसरी गोष्ट त्यांनी टेम्पोच्या एका जुन्या स्टिकरवरून सांगितली. बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या कामाला लॅमिनेशन हवंच. पण छापल्यावर शाईतला सॉल्व्हेंट उडून जायला एक अख्खा दिवस द्यावा लागतो. त्यांनी एकदा संध्याकाळी छापून रात्रीच लॅमिनेट केलं, महिन्याभरात कडा वळल्या आणि स्टिकर फुकट पुन्हा करून द्यावं लागलं. म्हणजे छापा, काढा, एक दिवस वाळवा, लॅमिनेट करा, पुन्हा लावा, यंत्राला कोपऱ्यातल्या खुणा वाचू द्या, मग कापा. एकाच पेटीत दोन्ही असण्याचा जो मोठा फायदा मला सांगितला होता, तो अशा कामात उरतच नाही. तो फायदा माझ्या खोक्यांच्या पट्ट्यांसारख्या कामाला आहे, जिथं लॅमिनेशन लागत नाही.

"आणि पावसाळा," काका म्हणाले. यंत्राचा स्विच ते कधीच बंद करत नाहीत. चालू असलं की ते अधूनमधून स्वतःचं हेड साफ करतं. आठवडाभर वीज नसली किंवा काम नसलं तर शाई हेडमध्ये सुकते, आणि हेडचा खर्च छोट्या दुकानाचं कंबरडं मोडतो. म्हणून एक इन्व्हर्टर फक्त यंत्राला, आणि काम नसलं तरी रोज चार रंगांची एक छोटी पट्टी छापायची. भिंतीवर त्या पट्ट्या तारखांसह खिळ्याला अडकवलेल्या होत्या, कॅलेंडरासारख्या जाड.

या तीन गोष्टींतली एकही माहितीपत्रकात नव्हती. तिथं रुंदी, वेग आणि रंगांची संख्या होती.

यंत्रानं वीसही पट्ट्या कापल्या. अर्धं कटिंग, म्हणजे वरचं व्हिनाइल कापलं जातं आणि मागचा कागद शाबूत राहतो. नखानं कोपरा उचलला की पट्टी अलगद हातात येते.

संध्याकाळी काकांच्या पुतण्याच्या शेतावर पोपटी होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, ओवा आणि मीठ, मडकं उलटं करून वर पेंढ्याचा जाळ. थंडीत ती वाफ अंगावर घेत मी मनाशी हिशेब केला. यंत्र घ्यायचं, एकत्रितच, लहानच. माझ्या कामातलं तीन चतुर्थांश काम घरात, खोक्यावर, बरणीवर लागणारं आहे. पण पाचही लाख त्यात घालायचे नाहीत. त्यातून एक साधा प्लॉटर आणि एक इन्व्हर्टर बाजूला काढायचा. आणि यंत्र येण्याआधी माझ्या जुन्या सगळ्या फाइली उघडून वेल्ड करायच्या.

दुसरा दिवस कुंडलिकेच्या काठावर आणि धावीर महाराजांच्या देवळात गेला.

परतताना पेणला उतरून दादांना पट्ट्या दिल्या. त्यांनी एक काढून खोक्यावर चिकटवली, अंगठा ओला करून तीनदा जोरात घासली आणि अंगठा बघितला. रंग लागला नव्हता. मग चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले.

"‘नाजूक’ अजून मोठं करा," ते म्हणाले. "बाण लहान झाला तरी चालेल. आणि फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत सहाशे लागतील."