लाल फुली

नववीच्या वर्गाला ‘स्पार्टाकस’ दाखवताना मी पहिला पाऊण तास सरळ पुढे ढकलला. १९६० सालचा हा सिनेमा तीन तासांहून मोठा, आणि माझ्या हातात जोडून मिळालेले दोनच तास. रोमविरुद्ध गुलामांचं बंड, लढाई आणि शेवट तुकड्यातुकड्यांनी दाखवला. हरलेल्या गुलामांना रोमन विचारतात, तुमच्यातला स्पार्टाकस कोण? आणि एकेक जण उठून सांगतो, मीच. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी म्हणाले, “हे असंच घडलं. मग त्याला क्रूसावर चढवलं.”

एका मुलीने हात वर केला. “बाई, पण ते सगळे एकदम चिडले कशामुळे?”

“गुलामगिरीला कंटाळून,” मी म्हणाले. ती खाली बसली, पण उत्तर पटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

चाचणीत मी त्यावर एक जादा प्रश्न घातला. तिने लिहिलं, ‘स्पार्टाकस लढताना मेला.’ मी लाल फुली मारली. ती वाचनालयातलं पुस्तक घेऊन आली, तर मी तिला नंतर ये म्हणून परत पाठवलं.

तिने ठेवून गेलेलं पुस्तक मी घरी नेऊन उघडलं. तिचंच बरोबर होतं. इसवी सनपूर्व ७१ मधल्या शेवटच्या लढाईआधी स्पार्टाकसने स्वतःचा घोडा मारला, असं प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो: जिंकलो तर शत्रूचे घोडे आहेतच, हरलो तर घोडा लागणारच नाही. तो लढताना पडला. त्याचं प्रेत सापडलंच नाही, असं प्राचीन इतिहासकार अ‍ॅपियन लिहितो. क्रूसावर गेले ते पकडलेले ६,००० साथीदार, कापुआ ते रोम या सुमारे २०० किलोमीटरच्या रस्त्यावर. मी हिशेब केला: दर ३३ मीटरला एक माणूस. आमच्या शाळेचा व्हरांडा साधारण तेवढाच लांब आहे.

त्या रात्री वगळलेला पाऊण तासही पाहिला. फळ्यांच्या अंधाऱ्या कोठडीत ड्राबा आणि स्पार्टाकस, झुंजीसाठी ठेवलेले दोन गुलाम ग्लॅडिएटर, समोरासमोर बसलेत, बाहेर आधीची जोडी लढतेय. पुढे ड्राबाचा त्रिशूळ स्पार्टाकसच्या गळ्याशी येतो. वरून मारण्याची खूण होते. ड्राबा थांबतो, आणि त्रिशूळ वर बसलेल्या रोमनांकडे भिरकावतो. तो मारला जातो. त्याचं प्रेत ग्लॅडिएटरांच्या वाटेवर उलटं टांगून ठेवतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे लटकत होतं आणि मी ते वेळ वाचवायला काढून टाकलं होतं. ड्राबा इतिहासात नाही. पण मरणाऱ्याने दिलेलं ते कारण नसेल, तर पुढचं बंड नुसती मारामारी उरते.

आणखी एक गोष्ट मी सांगितली नव्हती. पटकथा लिहिणाऱ्या डाल्टन ट्रंबोने १९४७ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला होता. त्याने तुरुंग भोगला, मग कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या नावाने लिहिलं. मूळ कादंबरीचा लेखक हॉवर्ड फास्टही नावं द्यायला नकार देऊन तुरुंगात गेलेला. ‘मीच स्पार्टाकस’ म्हणत खरं नाव न सांगणाऱ्यांचा तो प्रसंग अशा माणसांच्या हातून आला आहे.

पुढच्या तासाला मी माझी चूक फळ्यावर लिहिली आणि ड्राबाचा प्रसंग लावला. ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती. तिच्या पेपरवरची फुली मी खोडली, गुण वाढवले. दोन दिवसांनी पेपर हातात घेऊन तिने आधी खोडलेली फुली पाहिली, मग माझ्याकडे.

“बाई, तो प्रसंग मला कधी दाखवाल?”