धक्क्यावरचे सहा तास

लांबच्या क्रूझवर जहाज बहुधा रात्री चालते आणि दिवसा बंदरात उभे राहते. सकाळी सात-आठला ते धक्क्याला लागते, संध्याकाळी पाच-सहाला सुटते. कागदावर हे नऊ-दहा तास भरतात. पण बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी आल्याखेरीज कोणी उतरत नाही, मग शिडीपाशी रांग लागते आणि जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सर्वांना परत यावे लागते. हाती सहा-सात तास उरतात.

त्यातले रस्त्यात किती जाणार, हे बंदरावर अवलंबून असते. माहितीपत्रकात छापलेले शहर आणि जहाज लागते ते गाव ही पुष्कळदा वेगळीच असतात. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून सुमारे ७५ किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चबांग, ते शंभराहूनही लांब. अशा ठिकाणी एखादेच स्थळ निवडण्यात शहाणपण असते. उलट पेनांगला धक्क्याबाहेर पडताच जॉर्ज टाउनच्या जुन्या पेठा पायी हिंडता येतात. सांतोरिनीला जहाज समुद्रातच थांबते, प्रवासी लहान बोटींनी किनाऱ्यावर जातात आणि वर गावात पोचायला पाचशेहून अधिक पायऱ्या असतात. रोज पर्वती चढणाऱ्या पुणेकरानेही तेथे केबलकारच्या रांगेत उभे राहावे हे बरे.

मुंबईहून २०२१ साली सुरू झालेल्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या सफरींतही हाच हिशेब आहे. गोव्यात जहाज मुरगावला लागते आणि जुने गोवे तेथून मोटारीने गाठावे लागते. कोचीत मात्र फोर्ट कोची जवळ आहे. चिनी जाळी आणि वास्को द गामाला १५२४ मध्ये प्रथम जेथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च अर्ध्या दिवसात निवांत पाहून होते.

बंदरावर उतरून हिंडण्याची रीत क्रूझच्या फार आधीची. विमाने सर्रास होण्यापूर्वी विलायतेला निघालेला पुणेकर मुंबईला बॅलार्ड पिअरवर बोटीत चढे. एडनला उतरून डोंगरातली जुनी पाण्याची टाकी पाही, जकात नसल्याने स्वस्त मिळणाऱ्या वस्तू घेई. खरी चैन सुएझला होती. बोट कालव्यातून संथ जात असताना हौशी प्रवासी सुएझला उतरत, मोटारीने कैरो आणि पिरॅमिड गाठत आणि पोर्ट सैदला पुन्हा तीच बोट पकडत. तेथे सायमन आर्ट्झचे दुकान होते आणि कोंबडीची पिल्ले गायब करणारे जादूगार. आजच्या कोणत्याही सहलीपेक्षा ही आखणी अधिक हुशारीची म्हणावी लागेल. १९६७ ते १९७५ कालवा बंद राहिला, आणि तोवर प्रवासी विमानाकडे वळलेच होते.

भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा बंदराप्रमाणे तपासावा लागतो. इटलीहून तुर्कस्तान आणि तेथून ग्रीस असा मार्ग असेल तर शेंगेन क्षेत्रात दोनदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तेथे कामाचा नाही.

मित्रांच्या गटात पैशांचे भांडण होत नाही; टीटीएमएम ठरले की प्रश्न मिटतो. भांडण होते ते चालण्याच्या वेगावरून. दहाजणांनी एकत्र फिरायचे म्हटले की सर्वांत मंद गुडघ्याच्या वेगाने फिरावे लागते, आणि एकाची खरेदी म्हणजे नऊ जणांनी तिष्ठत राहणे. त्यापेक्षा टॅक्सीत मावतील असे चौघा-चौघांचे गट करावेत आणि जेवायला कोठे भेटायचे ते आधी ठरवावे. चौघांत विभागलेली टॅक्सी बहुधा जहाजाच्या सहलीहून स्वस्त पडते. पण जहाजाने नेलेली बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते, टॅक्सीवाल्यांसाठी थांबत नाही. घड्याळही जहाजाच्या वेळेवरच ठेवावे. सिंगापूर आणि फुकेत यांच्यात एक तासाचा फरक आहे. चुकलेल्याने बंदरातील जहाजाच्या एजंटाला गाठून, स्वखर्चाने, पुढच्या बंदरावर जहाज पकडायचे असते.