चिप गप्प झाली अन् पाखरं बसली



ज्वारी चिकात आली की आमचे दादा पहाटेपासून माळ्यावर, हातात गोफण. औंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी उन्हा-धुळीत जायला मनाई केली. म्हणून त्यांच्याच आरोळ्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि टीडीए २००३ या पाच पायांच्या चिपवर अँप्लिफायर जोडला. १२ व्होल्टची बॅटरी, जुन्या गाडीतले ४ ओहमचे दोन स्पीकर.

दोन दिवस आभाळ होतं, काम झकास चाललं. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. मी बाजारात गेलेलो. परत येऊन बघतो तर आवाज बंद, अन् बांधाकडच्या चार ओळींची कणसं पाखरांनी टिपून मोकळी केलेली. चिप जळाली असं धरून चाललो होतो, तर ऊन उतरल्यावर ती आपोआप बोलायला लागली!

चिप जळाली नव्हती, जास्त तापली म्हणून स्वतःच थांबली होती. तशी सोय तिच्यात असते. चूक माझी. दव लागू नये म्हणून बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवली, पाठीला एवढासा पत्रा, आणि दोन्ही स्पीकर समांतर, म्हणजे भार २ ओहमचा. चिपला तो चालतो, पण उष्णता दुप्पट होते.

आता केलेले बदल :

१. चिपच्या पाठीला तळहाताएवढी जाड ॲल्युमिनियमची पट्टी, मध्ये हीटसिंक पेस्टचा पातळ थर. पट्टी डब्याबाहेर, डबा माळ्याखाली सावलीत.

२. स्पीकर एकच.

३. पाय ५ आणि ३ मध्ये १०४ नंबरचा कपॅसिटर, अगदी चिपला लागून. लांब वायरीवर ठेवला तर आवाज नसतानाही चिप तापू शकते.

४. मोबाईलची आणि स्पीकरची ग्राउंड वायर वेगवेगळी आणून पाय ३ जवळ जोडली. घरघर गेली.

५. सोलर पॅनल थेट जोडू नका. १२ व्होल्टचं म्हणतात ते पॅनल मोकळं असताना उन्हात २१-२२ व्होल्ट दाखवतं. ही चिप १८ पर्यंतच चालवायची. मध्ये चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी हवीच.

काल ऊन कलल्यावर दादा बांधावर येऊन ऐकून गेले. म्हणाले, "आवाज माझाच हाय, पर दगड कुठाय?"

खरं आहे. नुसत्या आवाजाला पाखरं सरावतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ गोफण घेऊन एक फेरी मी मारतोच.