वाळूखालची वैनगंगा

बालाघाट म्हटलं की सगळे कान्हाच्या वाघांबद्दल विचारतात. मी मात्र उन्हाळ्यातल्या वैनगंगेबद्दल सांगणार आहे.

मे महिन्यात आम्ही भावंडं मामांबरोबर भल्या सकाळी नदीच्या पात्रात उतरलो. जिकडे पाहावं तिकडे वाळू, मधूनच एखादं हिरवट डबकं. तासाभरात चपलांतून चटके बसू लागले आणि बाटल्याही रिकाम्या झाल्या.

मामा एका खोलगट जागी थांबले. वाळू किंचित ओलसर होती. त्यांनी हातांनी उकरायला सुरुवात केली, मग आम्हीही. हातभर खोल गेल्यावर तळाशी पाणी जमू लागलं. पहिलं गढूळ पाणी त्यांनी उपसून टाकलं. मग आलं ते निवळशंख आणि गार! हाच झिरा. नदी वरून आटते, पण वाळूच्या कणांमधून पाणी झिरपत राहतं. वाळूच त्याला गाळते आणि उन्हापासून झाकते.

सिवनी जिल्ह्यात मुंडारा इथे उगम पावलेली ही नदी बालाघाट, गोंदिया, भंडारा करत वर्धेला मिळते आणि पुढे प्राणहिता होते. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधली वैनगंगा हीच.

परतताना वाळू उपसलेले मोठाले खड्डे लागले. मामा म्हणाले, “लहानपणी इथे झिरा काढायचो. आता खाली नुसती चिकणमाती. वाळू गेली की झिराही गेला, बाळांनो.”

आमचा झिरा बुजवायचा का, असं मी विचारलं होतं.

“राहू दे,” ते म्हणाले, “दुपारी गुरं येतील.”