अव्वल काम

२००६ साली हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात निजामांचे दागिने मांडले होते, तेव्हा आम्ही भावंडं अब्बांना घेऊन गेलो. अब्बा औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) चाळीस वर्षं जडावाचं काम करत. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामांच्याच राज्यात, पण आमच्या सात पिढ्यांत कुणाला ते दागिने दिसले नव्हते. दिसणार कसे? १९९५ साली भारत सरकारने २१८ कोटी रुपये मोजून १७३ नग विकत घेतले, त्यानंतर कुठे ते आमच्यासारख्यांच्या नजरेला पडले.

आम्ही काचेला नाक लावून उभे. बसराई मोत्यांचा सतलडा, पाचूंचे हार, आणि तो १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा. सहाव्या निजामांच्या जोड्यात तो सातव्या निजामांना सापडला आणि त्यांनी कागदांवर वजन म्हणून ठेवला, असं सांगतात. प्रत्येक काचेपुढे आमचं आपलं 'सुभानअल्लाह' चाललेलं. अब्बा मात्र खड्यांकडे पाहतच नव्हते, खड्यांच्या कडा पाहत होते. एका भरगच्च हारापुढे बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "काम अव्वल है, मगर गर्दन किधर है?"

आम्ही हसलो. तेव्हा वळून म्हणाले, "आणि माझ्या सेटला भडक कोण म्हणालं होतं?"

आमची बोलती बंद.

गोष्ट आदल्या वर्षाची. एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना सगळंच हवं होतं: पोलकी हिरे, माणकं, पाचू, दोन मोर, खाली मोत्यांचे झुबके, आणि हार थेट पोटापर्यंत. अब्बांनी चार महिने मान मोडून काम केलं. सोन्याच्या पोकळ घरात लाख भरायची, खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा घालायचा म्हणजे पैलू न पाडलेला हिराही आतून उजळतो, मग चोवीस कॅरेट सोन्याची पट्टी खड्याभोवती नुसत्या हाताच्या दाबाने बसवायची. आच नाही, डाक नाही. सोनं इतकं शुद्ध असतं की दाबाने सोन्याला सोनं धरतं. मराठीत आपण ज्याला कोंदण म्हणतो ते हेच. काम झालं की अब्बा बाजीची ओढणी दागिन्यावरून ओढायचे. एक धागा अडकला तरी पुन्हा बसायचे. त्या सेटमध्ये एकही धागा अडकला नाही.

आणि आम्ही, नुकतीच कॉलेजची हवा लागलेले, काय म्हणालो? "पोळ्याचा बैल सजवल्यासारखं दिसतंय." अब्बा काही बोलले नव्हते. त्याच मजुरीतून बाजीच्या लग्नाचा मंडप पडला, दावत झाली. आम्ही दोन वेळा बिर्याणी वाढून घेतली.

तो सेट आजही आम्हांला सुंदर वाटत नाही, हे कबूल करतो. खोटं कशाला बोलायचं? पण निजामांच्या काही नगांतही तोच सोस होता, तिथे मात्र आम्हांला तो शाही वाटला. नाव मोठं असलं की आमची पसंती झुकते आणि गिऱ्हाईक किराणावाला असलं की तीच नाक मुरडते. शिवाय नाक मुरडण्याआधी आम्ही तो सेट एकदा हातात घेऊनही पाहिला नव्हता.

परतीच्या गाडीत बाजीने विचारलं, "अब्बा, तुम्हांला तरी तो आवडला होता का?"

"मला? छे!" अब्बा म्हणाले. "पसंती त्यांची, हात माझा. मला कोण विचारतंय?"

२०१४ साली तो सेट परत आला. आता हलक्या दागिन्यांची चाल होती; मोडून दोन छोटे हार करायचे होते. अब्बांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. आम्ही म्हटलं, दुसऱ्या कारागिराकडे द्या. ऐकलं नाही. लाख ऊब देऊन मऊ करायची, कोंदण कापायचं, खडा सोडवायचा. हे काम करणाऱ्याला कुणी चांगलं म्हणत नाही. सकाळी बसले ते असरच्या अजानपर्यंत बसले. आम्ही चहा घेऊन गेलो तर पुडीत फक्त तीन माणकं.

"निघत नाही रे," अब्बा म्हणाले, आणि चष्मा पुसत कितीतरी वेळ हसत राहिले.