शेख नावाचा एकच फोल्डर

आम्ही दोघे मावसभाऊ. एक पैठणच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात संगणकांचं बघायचा, दुसरा शहरात हेच काम ठेक्यानं करायचा. २०१५ च्या रमजानमध्ये आम्हाला एकत्र बसावं लागलं. विंडोज सर्व्हर २००३ ची देखभाल मायक्रोसॉफ्ट १४ जुलैला कायमची थांबवणार होती आणि कारखान्याचं सारं दप्तर त्याच जुन्या सर्व्हरवर होतं. हजेरी, पगार, गेटपास, खरेदी... सगळे सामायिक फोल्डर. त्यातच ईद आठवड्यावर आलेली आणि तिच्याआधी पगार व्हायला हवा होता.

फोल्डर हातानं उचलून नव्या मशीनवर टाकता येतात, पण मग कोणी काय उघडायचं याचे हक्क मागेच राहतात. म्हणून रोबोकॉपी. सांगितलं तर ती हक्कही सोबत नेते. तिचा एक हट्ट मात्र ठाऊक असावा लागतो. एखादी फाईल कोणी उघडी ठेवली असेल, तर ती तीस-तीस सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करते. आम्ही हिशेब मांडला, एका फायलीपायी जवळजवळ साडेअकरा महिने! पुढचा रमजानही तिथेच उजाडला असता. आकडा दोनवर आणला.

फोल्डरांच्या नावांची यादी एका साध्या फायलीत लिहिली. बॅच फाईल त्यातली एकेक ओळ वाचून नाव रोबोकॉपीच्या हाती देणार, असा बेत. शनिवारी, ११ तारखेला, तरावीहनंतर सुरू केलं. सहेरीला घरी आलो तर नानी जागीच.

"क्या रे, सामान पहुँच्या क्या नवे घर में?"

नानीचं माहेर नाथसागराच्या पाण्याखाली गेलं. जायकवाडीचं काम १९६५ ते १९७६ असं चाललं, त्यातलं सगळं तिनं पाहिलेलं. पहुँच्या, म्हणालो. "पुराने की चाबी मत फेको," एवढं म्हणून ती वजूला उठली. तिच्या ट्रंकेत त्या घराची चावी अजून होती. आम्ही हसलो, पण जुना सर्व्हर पुसायचं काम त्या दिवशी पुढे ढकललं, ते आळसानं की नानीमुळे, यावर आमचं अजून एकमत नाही.

सोमवारी सकाळी हजेरी कारकून आले. "माझं ड्राइव्ह उघडेना, म्हणून 'शेख' नावाचा फोल्डर उघडला, तर आत निवृत्त फोरमनसाहेबांचे रजेचे अर्ज."

आमच्या पायाखालची जमीन सरकली. बॅच फाईलमधली फॉर-एफ ही आज्ञा ओळ वाचताना मोकळी जागा आली की थांबते आणि पहिला शब्द तेवढा घेते. म्हणजे यादीतले चारही शेख तिच्या लेखी नुसते 'शेख'. त्या नावाचा फोल्डर खरोखरच होता, फोरमनसाहेबांचा. तोच चार वेळा नेला गेला, बिनतक्रार. तीन पाटलांची गतही तीच, फक्त नुसता 'पाटील' असा फोल्डर नव्हता, तेव्हा तिथे चूक नोंदली गेली होती. ती आम्ही पाहिली का नाही? रोबोकॉपी संपताना एक आकडा देते. इतर ठिकाणी शून्याखेरीज काही आलं की चूक समजायची. हिच्याकडे एक म्हणजे फायली नीट गेल्या, आणि खरी चूक आठपासून पुढे. चाचणीत त्या एकनं आम्ही घाबरलो होतो, नंतर खरं कळलं आणि मग आकडे बघणंच सोडून दिलं. पाटलांच्या नावापुढे सोळा-सोळा लिहिलेले पडले होते.

दुरुस्ती एका शब्दाची होती. 'डेलिम्स' लिहून बरोबरीच्या चिन्हापुढे काहीच लिहायचं नाही, की पूर्ण ओळ येते. पण तोवर कारकुनांनी कागदी रजिस्टरवरून अर्धा दिवस खपून हजेरी पुन्हा भरायला घेतली होती, आणि ती त्या चुकीच्या फोल्डरात. आता जुनं पुन्हा वर ओतलं तर ती फाईलही जाईल, अशी भीती. जुनी फाईल नवीवर चढवू नकोस, अशी सूचना आज्ञेत घातली, आधी नुसती यादी छापून घेतली, ती दोघांनी बोट ठेवून वाचली, आणि मगच जुना सर्व्हर पुन्हा चालू केला. तो सुरू होताना करकरला तेव्हा आम्ही श्वास रोखून उभे होतो. सातही फोल्डर इफ्तारच्या आत आले.

कारकून पाणी देत म्हणाले, "आमचं पूर्ण नाव इथं कोणी घेतच नाही हो. तुमच्या मशीननं काय वेगळं केलं?"

पगार गुरुवारी झाला. शनिवारी ईद होती. शीरखुर्मा घेऊन कारकून घरी आले तेव्हा नानीनं त्यांना ट्रंकेतली ती चावी दाखवली.